नवीन पीसी जुळवतोय, जुन्या पीसीचं विंडोज लायसन्स त्यावर नेता येतं का?

खटपट्या
मंडळी, एक मदत हवीये. माझा जुना डेस्कटॉप २०१७ चा आहे, सातव्या जनरेशनचा आय५. अजून धडधाकट चालतो पण विंडोज ११ त्याला घ्यायला तयार नाही आणि १० चा सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. म्हणून नवीन मशीन जुळवतोय, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी सगळं नवं, जुन्यातून फक्त एक डेटावाली हार्ड डिस्क घेणार.

आता प्रश्न असा की जुन्यावर विंडोज १० प्रो आहे आणि सेटिंगमध्ये 'डिजिटल लायसन्सने ॲक्टिव्हेटेड' असं दिसतं. तेच लायसन्स नवीन पीसीवर जाईल का? एक मित्र म्हणतो मदरबोर्ड बदलला की लायसन्स मेलं, दुसरा म्हणतो अकाउंटला जोड आणि बिनधास्त राहा. हे विंडोज मी डबा आणून टाकलं होतं की पीसी जुळवणाऱ्याने टाकून दिलं होतं ते आता काही केल्या आठवत नाही. जुनं मशीन भाच्याला द्यायचंय, त्यामुळे त्यावर नंतर काय ठेवायचं तेही सांगा.

दगडोबा
मी पयला! बाकी यातलं काही कळत नाही. वाचतोय.

पेंग्विनप्रेमी
लिनक्स टाका. धागा संपला.

निवांत
पेंग्विनप्रेमी आले म्हणजे धागा शंभरी गाठणार :)

खटपट्या, माझ्या माहितीप्रमाणे लायसन्स मदरबोर्डला चिकटलेलं असतं. मदरबोर्ड बदलला म्हणजे नवीन कॉम्प्युटर आणि नवीन कॉम्प्युटर म्हणजे नवीन लायसन्स. रॅम बदला, ग्राफिक कार्ड बदला, काही होत नाही, पण बोर्ड बदलला की खेळ खल्लास.

सांजवारा
निवांत, असं सरसकट नाहीये हो. मी मागच्या वर्षी बोर्ड, प्रोसेसर दोन्ही बदललं आणि माझं विंडोज नवीन बोर्डवर आरामात ॲक्टिव्हेट झालं. की पण टाकावी लागली नाही, नुसतं मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं.

निवांत
मग तुमचं डब्यातलं असणार. माझ्या लॅपटॉपबरोबर आलेलं होतं, ते नाही गेलं.

कळफलक_काका
दोघंही बरोबर आहात, फक्त दोघांची लायसन्स वेगळ्या जातीची आहेत. सगळी गोम इथेच आहे.

ढोबळमानाने तीन जाती. पहिली रिटेल, म्हणजे आपण स्वतंत्रपणे विकत घेतलेलं, डब्यातलं किंवा ऑनलाइन. हे एका मशीनवरून काढून आपल्याच दुसऱ्या मशीनवर नेता येतं, अट एवढीच की एका वेळी एकाच ठिकाणी चालवायचं. दुसरी ओईएम, म्हणजे कंपनीने तयार लॅपटॉपमध्ये भरून दिलेलं किंवा पीसी जुळवणाऱ्याने सिस्टिम बिल्डर म्हणून टाकलेलं. हे त्या मशीनबरोबर जन्माला येतं आणि त्या मशीनबरोबरच जातं. बोर्ड खराब झाला म्हणून उत्पादकाने वॉरंटीत तसाच बदलून दिला तर चालतं, हौस म्हणून नवा टाकला तर नाही. तिसरी व्हॉल्यूम, ती संस्था आणि ऑफिसांसाठी, घरच्या माणसाने तिचा विचारच करू नये.

तेव्हा आधी जात शोधा. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश, डीएलआय असं इंग्रजीत लहान लिपीत टाइप करा. एक छोटी खिडकी उघडेल, त्यात डिस्क्रिप्शनच्या ओळीत रिटेल, ओईएम किंवा व्हॉल्यूम यातलं काहीतरी लिहिलेलं असतं. आणि हो, हे सगळं जुना पीसी खोलायच्या आधी करा. लोक आधी स्क्रू काढतात आणि मग विचारायला येतात.

मुक्ता_२१
वाचनखूण साठवली. काका, तुमचे प्रतिसाद एकत्र करून छापा एकदा.

खटपट्या
धन्यवाद काका! लगेच करून बघितलं. 'रिटेल चॅनल' असं आलंय!! खाली पार्शल प्रॉडक्ट की म्हणून शेवटची पाच अक्षरं दिसतायत, ३व्ही६६टी, आणि स्टेटस लायसन्स्ड. म्हणजे मामला फिट ना? ऑर्डर टाकू का पार्ट्सची?

सांजवारा
अभिनंदन, टाका टाका.

कळफलक_काका
थांबा थांबा. ऑर्डर खुशाल टाका पण लायसन्सचा गुलाल आत्ताच उधळू नका.

शेवटी ३व्ही६६टी असलेली की ही तुमची स्वतःची नाही. ती प्रो आवृत्तीची जेनेरिक की आहे, जगातल्या असंख्य मशीनवर हीच दिसते. होमची अशीच एक आहे, तिच्या शेवटी ८एचव्हीएक्स७ असतं. विंडोज १० पासून डिजिटल लायसन्स आलं, म्हणजे खरी नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर तुमच्या हार्डवेअरच्या ओळखीसकट असते आणि मशीनमध्ये नुसती ही जागा भरायची की बसलेली असते. ही जेनेरिक की स्वतःच रिटेल चॅनलची असल्यामुळे खिडकीत रिटेल लिहून येतं. मूळ लायसन्स ओईएम विंडोज ७ वरून फुकट अपग्रेड झालेलं असलं तरी असंच दिसू शकतं. म्हणून या जेनेरिक कीबरोबर रिटेल शब्द दिसला तर तो पुरावा धरायचा नाही. वेगळी पाच अक्षरं असती तर भरवसा ठेवला असता.

त्यामुळे तुम्हाला जुना कागद शोधावा लागणार. डबा, २५ अक्षरांच्या कीचं कार्ड, खरेदीची ईमेल, बिल, काहीतरी. की शोधून देणारी सॉफ्टवेअरं डाउनलोड करत बसू नका, तीही बहुतेकदा हीच जेनेरिक की दाखवतात.

निवांत
आयला, हे नव्हतं माहीत. काकांना मानलं.

आळशी_अजगर
धागा वाचता वाचता मीपण कमांड मारून बघितली, सहज. मी सेकंडहँड लॅपटॉप घेतलाय एका ओळखीच्या माणसाकडून. डिस्क्रिप्शनमध्ये 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट चॅनल' असं आलंय. मी तर कुठल्या ऑफिसात पण नाही, घरी बसून शिकवण्या घेतो. घाबरायचं का?

वकिली_कीडा
पोलीस निघालेत.

दगडोबा
अजगर, बिळात जा =))

कळफलक_काका
अजगरशेठ, अजून एक कमांड. त्याच एसएलएमजीआरला डीएलआयच्या जागी एक्सपीआर लावा. 'कायमचं ॲक्टिव्हेटेड' असा मजकूर आला तर वेगळी गोष्ट, तारीख आली तर इथे सांगा.

आळशी_अजगर
तारीख आली :( पाच-सहा महिन्यांनंतरची आहे.

कळफलक_काका
मग ते केएमएसच. मोठ्या संस्थांच्या नेटवर्कमध्ये एक सर्व्हर असतो, तो त्यांच्या मशीनना १८० दिवसांचं ॲक्टिव्हेशन देतो आणि मशीन दर सात दिवसांनी त्याच्याकडे हजेरी लावून ते पुढे ढकलून घेतं. तुमच्या घरी असा सर्व्हर नाही, म्हणजे एकतर तो लॅपटॉप कुठल्या तरी ऑफिसातून आलाय आणि तिथलं विंडोज तसंच राहिलंय, नाहीतर कुणीतरी खोटा सर्व्हर बनवणारं क्रॅक टाकून ठेवलंय. तुमची तारीख जर आपोआप पुढे पुढे सरकत असेल तर दुसरी शक्यता जास्त. अशा क्रॅकबरोबर आणखी काय काय आत बसलंय ते देव जाणे, त्यामुळे त्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार तूर्त बंद.

पण हताश होऊ नका. विंडोज ८ च्या काळापासून लॅपटॉप कंपन्या ओईएम की थेट बोर्डच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये, भरून देतात. ती अजून तिथेच असेल. ती वाचायला आधी डब्ल्यूएमआयसीची एक कमांड सगळीकडे चालायची, ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ती आयती मिळत नाही, तर पॉवरशेल या विंडोजच्याच कमांडच्या खिडकीतून सॉफ्टवेअर लायसन्सिंग सर्व्हिसला ओरिजिनल प्रॉडक्ट की विचारा. नेमकी ओळ व्यनि (खासगी निरोप) करतो, इथे चिकटवली की कोट्स वाकडे होतात आणि मग लोक मला शिव्या घालतात.

आळशी_अजगर
काका, २५ अक्षरी की आली!!! ती टाकून बघितली तर म्हणते ही होमची आहे, आणि माझ्यात प्रो आहे.

कळफलक_काका
म्हणजे लॅपटॉपचं स्वतःचं अस्सल होम लायसन्स पहिल्यापासून पोटात होतंच आणि कुणीतरी त्यावर उसनं प्रो नेसवलं. डेटाचा बॅकअप घ्या, स्वच्छ पेनड्राइव्हवरून होम इन्स्टॉल करा. इन्स्टॉलर ती की स्वतःच वाचतो, बऱ्याचदा आवृत्ती पण विचारत नाही, नेटला जोडलं की ॲक्टिव्हेट. शिकवण्यांना होम पुरून उरतं.

वकिली_कीडा
इथे माझा एक मूळ आक्षेप आहे. मी पैसे मोजून वस्तू घेतली, मग ती या पेटीतून त्या पेटीत न्यायची की नाही हे ठरवणारी कंपनी कोण? जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच निकाल दिलाय की मायक्रोसॉफ्टचं ओईएम विंडोज पीसीशिवाय सुटं विकायला एखाद्या विक्रेत्याला अडवता येणार नाही. आणि २०१२ मध्ये युरोपियन न्यायालयाने युज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात सांगितलं की कायमस्वरूपी विकलेलं सॉफ्टवेअर, अगदी डाउनलोड केलेलं असलं तरी, पुढे विकता येतं, फक्त विकणाऱ्याने स्वतःची प्रत वापरायची बंद करायला हवी. तेव्हा हे 'ओईएम म्हणजे आजन्म कारावास' सगळीकडे खरं नाही.

निवांत
वकीलसाहेब, कोर्टाचा निकाल ॲक्टिव्हेशन सर्व्हरला दाखवायचा कसा? त्याची पीडीएफ अपलोड करायची सोय दिसली नाही मला सेटिंगमध्ये.

वकिली_कीडा
हसा. पण लायसन्सच्या करारात देशागणिक फरकाची वेगळी कलमं उगाच नसतात. आपण वाचत नाही, खाली जाऊन 'मान्य' दाबतो.

कळफलक_काका
कीडा म्हणतात ते विक्रीच्या हक्काबद्दल आहे आणि महत्त्वाचंही आहे, पण हक्क असणं आणि सर्व्हरने हो म्हणणं हे दोन वेगळे विषय. त्याच निकालांचा आधार सांगत नेटवर मातीमोल भावात किया विकल्या जातात. त्यातल्या कितीतरी कुठल्या तरी संस्थेच्या व्हॉल्यूम किया असतात, मर्यादेपेक्षा जास्त मशीनवर वापरल्या गेल्या की ब्लॉक होतात. आज ॲक्टिव्हेट झालं म्हणजे लायसन्स मिळालं असं नसतं.

सांजवारा
+१. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलेली अशीच की माझ्या भावाची काही महिन्यांनी बंद पडली. विक्रेत्याला मेसेज टाकला तर प्रोफाइलच गायब.

जुने_दिवस
पूर्वीचं बरं होतं. विंडोज ९८ ला की लिहून ठेवायची सीडीवर मार्करने आणि गल्लीभर तीच.

वकिली_कीडा
काका, हा कबुलीजबाब धरायचा का?

जुने_दिवस
मुदत संपली त्याची, साहेब! पण गंमत नाही, हे ॲक्टिव्हेशनचं लचांड घरच्यांसाठी सुरू झालं २००१ ला विंडोज एक्सपीबरोबर. एक्सपी मशीनचे दहा भाग बघायचं, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड वगैरे, आणि बरेच भाग बदललेले दिसले की पुन्हा ॲक्टिव्हेट करा म्हणायचं. मग फोन. पलीकडून बाई आकडे सांगायची, सहा सहाच्या गटात, आणि आपण कानाखाली रिसिव्हर दाबून टाइप करायचे. मध्ये कुकरची शिट्टी झाली की पुन्हा पहिल्यापासून.

मुक्ता_२१
=)) =))

मूळ मुद्द्यावर येते. मला वाटतं जुन्या पीसीवर ती की काढणारी, एसएलएमजीआरची यूपीकेवाली कमांड मारली की लायसन्स सुटं होतं आणि मायक्रोसॉफ्टला कळतं की हे मशीन सोडलं. बऱ्याच व्हिडिओंमध्ये असंच सांगतात.

कळफलक_काका
मुक्ताताई, व्हिडिओवाले ठोकून देतात. यूपीके फक्त त्या मशीनमधली की काढतं, सर्व्हरला काहीही कळवत नाही. सर्व्हरवर जुन्या हार्डवेअरची नोंद तशीच राहते. म्हणून कधीकधी जुन्या पीसीवर पुन्हा विंडोज टाकलं की ते आपसूक ॲक्टिव्हेट होताना दिसतं. करारानुसार मात्र ते चालवायचं नाही, लायसन्स एकच आहे. यूपीके जरूर मारा, आपल्या बाजूने व्यवहार स्वच्छ राहतो, आणि सीपीकेवाय मारलंत तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, पडलेली की पण पुसली जाते, मशीन दुसऱ्याला देताना ते बरं.

खटपट्या
सापडलं सापडलं!! जुन्या मदरबोर्डच्या खोक्यात, ड्रायव्हरच्या सीडीखाली. छोटं कार्ड, त्यावर २५ अक्षरं, आणि शेजारी तो विंडोजचा छोटा पेनड्राइव्ह. म्हणजे डबाच आणला होता. फक्त एक अक्षर बी आहे की ८ ते कळत नाहीये, शाई घासलीये.

निवांत
८ लावून बघा, नाहीतर बी. दोनच तर पर्याय आहेत, कोटी कोटी नाहीत.

कळफलक_काका
झकास. पेनड्राइव्हवाला डबा म्हणजे रिटेल. आता क्रम नीट लक्षात घ्या.

जुन्या पीसीवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करा, ॲक्टिव्हेशनच्या पानावर 'डिजिटल लायसन्स तुमच्या अकाउंटशी जोडलेलं आहे' असं वाक्य येईपर्यंत पुढे जाऊ नका. मग पीसीचं नाव बदला. हे कुणी सांगत नाही पण फार उपयोगी पडतं, कारण नंतर अकाउंटमध्ये मशीनची यादी येते आणि सगळ्यांची नावं डेस्कटॉप-अमुकतमुक अशी असतात, त्यात आपलं कुठलं हे ओळखू येत नाही. 'जुनामोठा' वगैरे काहीतरी इंग्रजी अक्षरांत ठेवा.

नवीनवर बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगमध्ये) टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू आहेत ना बघा, विंडोज ११ प्रोच टाका, होम टाकलंत तर प्रोचं लायसन्स त्याला लागत नाही. १० ची की ११ ला चालते, आवृत्ती तेवढी तीच हवी. की टाका. नाही घेतली तर सेटिंग, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन, ट्रबलशूट, आणि त्यात 'मी नुकतंच हार्डवेअर बदललं' हा पर्याय. यादीतून जुनं मशीन निवडा, 'सध्या मी हेच वापरतोय' वर टिक, ॲक्टिव्हेट. ही सोय २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून आहे. मात्र ती अमर्याद वेळा चालत नाही, त्यामुळे गंमत म्हणून इकडून तिकडे नाचवू नका.

सांजवारा
एक भर घालते. ती डेटावाली हार्ड डिस्क काढायच्या आधी तिच्यावर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन, चालू आहे का बघा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी ठेवा किंवा सरळ जुन्या पीसीवरच एन्क्रिप्शन काढून टाका. लायसन्सच्या नादात लोक हे विसरतात आणि नवीन मशीन डिस्क उघडतच नाही. लायसन्स परत विकत मिळतं, फोटो मिळत नाहीत.

कळफलक_काका
हे माझ्याकडून राहिलंच होतं. सांजवारा यांचा प्रतिसाद सगळ्यात वर चिकटवा.

पेंग्विनप्रेमी
एवढं पुराण वाचून झालं. आम्ही डिस्क काढतो, नवीन बोर्डला लावतो, चालू करतो. की नाही, कार्ड नाही, बी की ८ नाही.

निवांत
आणि मग वायफाय चालत नाही म्हणून धागा काढता.

पेंग्विनप्रेमी
एकदाच काढला होता तो! तुम्ही लोक काय विसरतच नाही.

खटपट्या
अपडेट. मशीन जुळलं, ११ प्रो टाकलं. ते अक्षर बी होतं :) की घेतली पण ॲक्टिव्हेट करताना एरर, ही की दुसऱ्या मशीनवर वापरात आहे अशा अर्थाची, कोडच्या शेवटी सी००८. मग काकांनी सांगितलेला ट्रबलशूटर चालवला. यादीत चार मशीन, त्यातली तीन डेस्कटॉप-काहीतरी, एक मी नाव दिलेलं. ते निवडलं, टिक केली, थोडा वेळ गोल फिरलं आणि स्क्रीनवरचा 'ॲक्टिव्हेट करा'वाला वॉटरमार्क गायब.

भाच्याच्या मशीनवरची की काढली, डिस्क पुसली. आता त्यावर काय टाकायचं ते बघतोय. पेंग्विनप्रेमी, तुम्ही आहात का ऑनलाइन?

पेंग्विनप्रेमी
मी कधीपासून इथेच आहे. सातव्या जनरेशनचा आय५ म्हणजे लिनक्सला राजेशाही थाट. मिंट द्या त्याला, व्यनि करा, पेनड्राइव्ह बनवण्यापासून सांगतो.

आळशी_अजगर
माझं पण होम टाकून झालं, एक्सपीआर आता कायमचं म्हणतंय. काका, जीव भांड्यात पडला.

मुक्ता_२१
जाता जाता, मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं काय? माझं ऑफिस २०२१ आहे, वर्षाची वर्गणी नसलेलं, एकदाच पैसे भरलेलं. ते विंडोजबरोबर जातं का?

कळफलक_काका
नाही, त्याचा संसार वेगळा. तुम्ही स्वतंत्र घेतलं असेल तर आपल्याच दुसऱ्या पीसीवर नेता येतं, पण ९० दिवसांतून एकदाच, मशीन बिघडल्यामुळे न्यावं लागलं तर ही अट नाही. जुन्यावरून काढा आणि ज्या अकाउंटने ॲक्टिव्हेट केलं त्याच अकाउंटने नवीनवर लॉगिन करून टाका. २०१३ च्या ऑफिसला सुरुवातीला हीसुद्धा मुभा नव्हती, लोकांनी आरडाओरडा केल्यावर त्याच वर्षी मार्चमध्ये दिली. लॅपटॉपबरोबर आलेलं असेल तर मात्र बघावं लागेल.

मुक्ता_२१
लॅपटॉपबरोबरच आलंय बहुतेक :(

दगडोबा
नवीन धागा काढा ताई, तिथेपण मी पयला.